अक्काच्या वस्तीवर सायकल पोचवताना

साताऱ्याहून शिराळ्याकडे सायकलने गेले होते असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतो, मग गुडघ्यांकडे, आणि मग विचारतो, "हौस म्हणून का?" हौस कसली डोंबलाची! मला सायकल पोचवायची होती, आणि चालवत नेण्यावाचून इलाज नव्हता. का नव्हता, ते सांगते.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, शिराळ्याच्या अलीकडे मोरणेच्या खोऱ्यात राहते. गावात नाही, गावापासून दोन-अडीच किलोमीटर आत, रानातल्या वस्तीवर. दाजी फौजेतून सुभेदार होऊन परतले आणि पुढची सगळी वर्षं दोघांनी तिथंच ऊस आणि एक म्हैस सांभाळण्यात घालवली. दाजी सकाळ-संध्याकाळ सायकलला किटल्या अडकवून गावातल्या डेअरीत दूध घालायचे. येताना दळण, औषध, पेपर, सगळं त्याच सायकलवरून यायचं. गेल्या श्रावणात दाजी हृदयाच्या झटक्याने गेले. त्यानंतर शेजारच्या मळ्यातला पोरगा मोटारसायकलवरून दूध न्यायचा, तर तोही फौजेत भरती झाला.

अक्काचा मुलगा संजय पुण्यात नोकरीला आहे. गुणी आहे, आईवर त्याचा जीव आहे. पावसाळ्यात अक्का गोठ्यात घसरून पडली होती आणि बराच वेळ कुणाला पत्ताच नव्हता, तेव्हापासून त्याच्या मनात भीती बसली. आता दूध जायचंही थांबतंय म्हटल्यावर त्याने ठरवूनच टाकलं. येत्या रविवारी म्हशीला गिऱ्हाईक येणार, वस्तीला कुलूप लागणार आणि आई पुण्याला जाणार. अक्काने मला फोन केला. रडली वगैरे नाही. म्हणाली, "सुमे, मला सायकल शिकीव. रविवारच्या आत. दूध माझं मी घालाय लागलं की म्हस कशापायी इकंल त्यो?"

अक्का त्रेसष्ट वर्षांची, संधिवाताने गुडघे धरलेले. दुखतं ते चालताना, डोक्यावर किंवा कमरेवर किटली घेतली तर जास्तच. दाजींची सायकल उंच, दांडीची, तिच्यावर नऊवारीतून टांग मारणं तिला या जन्मी जमणारं नव्हतं. बुटकी लेडीज सायकल विकत घ्यावी, तर त्यांच्या भावकीत माणूस गेल्यावर वर्षाच्या आत घरात नवी वस्तू आणत नाहीत, वाहन तर नाहीच नाही. पाहुण्याने दिलेली वापरातली चालते. म्हटलं, माझी आहे की! आमचे हे म्हणाले, टेम्पोत टाकून देऊ. मी म्हटलं, टेम्पोतून उतरलेली सायकल भावकीला नवीच दिसायची. वापरातली वस्तू वापरत नेली की कुणाची बोलायची टाप नाही. आणि खरं सांगायचं तर, इतकी वर्षं माझ्या सोबत असलेली ती सायकल टेम्पोवाल्याच्या हवाली करायला माझं मन होत नव्हतं. शाळेत रजा टाकली आणि सोमवारी निघाले.

सातारा ते रहिमतपूर

साताऱ्यात सायकल चालवणं म्हणजे चढ चढणं. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे यायचं तर भल्याभल्यांची जीभ बाहेर येते. रक्तातली साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं, मी सायकल घेतली. पहिल्या आठवड्यात आमच्या आळीतल्या बायकांनी विचारून घेतलं, "बाई, सर्कशीत नाव घातलंय का?" मग मीही त्यांना रोज घंटी वाजवून उठवायला लागले. आता तिच्यावरून शाळेत जाते, मंडईत जाते, बँकेत जाते. रविवारी हेल्मेट घालून कासच्या बाजूला जाणारे तरुण दिसतात. चांगलं आहे, जावं. पण त्यांची सायकल रविवारची आणि माझी मेथीच्या जुडीची, एवढा फरक आहे.

माहुलीच्या पुलावर थांबून कृष्णामाईला नमस्कार केला आणि कोरेगावच्या वाटेला लागले. थंडी होती. रस्त्याच्या कडेला आल्याची काढणी चालू होती, बायका वाफ्यात उकिडव्या बसून माती झटकत होत्या. एकीने मान वर करून विचारलं, कुठं निघालाय. शिराळ्याला म्हटल्यावर तिने शेजारणीला कोपराने ढोसलं, आणि दोघी मी दिसेनाशी होईपर्यंत उभ्या राहून बघत होत्या.

रहिमतपूरला माझ्या डी.एड.च्या मैत्रिणीकडे मुक्काम केला. तिने वाघ्या घेवड्याची आमटी केली होती. कोरेगावच्या बाजूचा घेवडा तो, एकदा खाल्ला की दुसरीकडचा घशाखाली उतरत नाही. बाजरीची भाकरी चुरून दोन वाट्या ओरपल्या. तिच्या सासूबाईंनी माझी सगळी चौकशी केली. मालक सोबत का नाहीत, रस्त्यात काही झालं तर कोण, आणि बहिणीकडे जाताना गाडीने जायची ऐपत नाही का. मी अक्काची गोष्ट सांगितली तशी म्हातारीबाईंनी पुढची चौकशी सोडली. मग म्हणाल्या, आपल्यालाही मुंबईच्या लेकाने दोन महिने नेलं होतं. तिथं सगळं चांगलं होतं, पण सकाळी उठून करायचं काय, हेच कळायचं नाही. सून ऐकते आहे म्हटल्यावर त्यांनी विषय बदलला.

रहिमतपूर ते कऱ्हाड

दुसऱ्या दिवशी मसूरच्या अलीकडे पडले. उसाचा हंगाम चालू होता. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर ऊस असा रचलेला की दोन्ही बाजूंनी रस्त्यावर झुकतो. मागून अशीच जोडी आली. उसाच्या शेंड्यांची वाढी माझ्या पदराला घासून गेली आणि मी सायकलसकट खाली चरात. पुढच्या चाकापासून हँडल फिरलं. ट्रॅक्टरवाल्याच्या कानात गाणी वाजत होती, त्याला मी पडल्याचा पत्ताही नसावा. मी त्याच्या सात पिढ्या काढल्या, पण ऐकायला फक्त बगळे होते. हात-पाय धड होते. भीती मात्र वाटली, आणि माझ्यासाठी नाही. इतकी वर्षं चालवून माझी ही गत, तर अक्काला मी काय शिकवायला निघाले आहे?

तेवढ्यात समोरून सायकलवर वैरणीचा भारा घेऊन एक म्हातारे गृहस्थ आले. ताठ पाठ, कापलेल्या मिशा, बघताक्षणी माजी सैनिक. भारा खाली टाकला, माझ्या सायकलचं चाक दोन गुडघ्यांत धरलं आणि हँडल सरळ करून दिलं. कुठं, कशाला, ते सगळं विचारून घेतलं. त्रेसष्ट वर्षांच्या बाईला शिकवायचंय म्हटल्यावर मला वाटलं, आता हे हसणार. ते हसले नाहीत. म्हणाले, "आदी पडायला शिकवा. चढायचं मागनं बगता येतंय."

कऱ्हाडला पोचेपर्यंत मी तेच घोकत होते. भाचीच्या घरी मुक्काम केला, गुडघ्याला तेल चोळलं, आणि बुधवारी सकाळी कासेगाव, नेर्ले, पेठ करत शिराळ्याच्या रस्त्याला लागले. पेठच्या पुढे चढ-उतार सुरू होतो आणि हवेत गुऱ्हाळाचा वास येतो. एकदोन चढ मी उतरून ढकलत चढले. त्याची मला कधीच लाज वाटलेली नाही.

वस्तीवर

अक्का अंगणात उभीच होती. तिने मला आधी मिठी मारली नाही की काही नाही. सायकलभोवती एक फेरी मारली, तांब्याभर पाणी आणून पुढच्या चाकावर ओतलं आणि म्हणाली, "लय लांबनं आली बिचारी." मग माझ्याकडे बघितलं. दाजींच्या मागे ती निम्मी झाली होती. मी रडायच्या आत तिने मला भाकरी थापायला लावली.

दुपारी भावकीतल्या दोघी-तिघी बघून गेल्या. सायकलवरची धूळ, उडालेला रंग, चरात पडताना आलेला ताजा ओरखडा, सगळं त्यांनी हात लावून बघितलं. एक म्हणाली, जुनीच हाय. झालं, सायकल घरात आली.

घरामागे सोयाबीन निघालेलं रान मोकळं पडलं होतं. गुरुवारी सकाळी तिथं शिकवणी सुरू केली. पहिला धडा पडायचा. अक्का म्हणाली, ते काय शिकायचं, जल्मभर तेच केलंय. मग बसली. मी मागून धरलं. दोन पायडल मारायची आणि डावीकडे कलंडायची, परत दोन पायडल आणि परत डावीकडे. तिला खाली बघायची खोड. समोर बघ म्हटलं की समोर बघायची आणि पाय थांबायचे. शुक्रवारी पंधरा-वीस पावलं मी हात सोडला आणि ती गेली. तिला कळलंच नाही. कळलं तशी किंचाळून पडली. त्या दिवशी आम्ही दोघी पोटात दुखेपर्यंत हसलो. दाजी गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली, असं तिनेच नंतर सांगितलं.

त्यामुळे शनिवारी आम्ही शेफारलो. मी म्हटलं, रस्त्यावर जाऊ. रिकाम्या किटल्या अडकवून सायकलने ती निघाली, उसाच्या कडेपर्यंत गेली आणि वळणावर आपटली. कोपर सोलवटलं, गुडघ्याला मार बसला. उठून रस्त्याच्या कडेला बसली. मी धावत गेले तर हाताने मला थांबवलं. म्हणाली, "बास झालं, सुमे. न्हाई जमायचं. उद्या संज्याला सांग, म्हस घिऊन जाऊ दे." तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. खोटा धीर देणं मला कधीच जमलेलं नाही, शाळेतल्या पोरांनासुद्धा मी देत नाही.

ती उठली, एक हात हँडलवर आणि एक सीटवर ठेवून सायकल ढकलत घराकडे निघाली. मी मागे. कालव्याच्या कडेला शेजारच्या मळ्यातले शामराव तात्या उसाला पाणी पाजत बसले होते. आम्हाला बघून उठले. अक्काला म्हणाले, वैनी, सुभेदारांची आठवण झाली, ते पण सायकल अशीच हातात धरून आणायचे.

अक्का थांबली. "अशीच म्हंजी?"

तात्या गडबडले. त्यांना वाटलं होतं तिला माहीत आहे. मग आढेवेढे घेत सांगितलं. शेवटची दोन वर्षं दाजींना सायकलवर दम लागायचा. अंगणातून टांग मारून निघायचे, उसाच्या वळणाआड गेले की उतरायचे आणि गावापर्यंत सायकल ढकलत जायचे. येताना पुन्हा वळणापर्यंत चालत, आणि तिथून वर बसून घंटी वाजवत अंगणात. तात्यांना शपथ घातली होती. संजयला कळलं तर तो दोघांनाही पुण्याला नेईल, म्हणून.

अक्काने सायकल पुढे ढकलली. घरी आली, सायकल पडवीत लावली, दाजींच्या सायकलशेजारी. तिने त्या घंटीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "घंटी ऐकली की मी च्याचं आदण ठेवायची. रोज. आन त्यो मानूस वळनापातूर चालत आल्याला असायचा. मला सांगितलं न्हाई, सुमे." आणि तेव्हा ती रडली. मोठ्याने, दाजी गेले तेव्हाही अशी रडली नव्हती. मी तिच्याजवळ बसून राहिले. तिला दुःख होतं, पण रागही होता, आणि राग जास्त होता.

रविवार

सकाळी मी उठले तर धार काढून झाली होती. अक्का दूध भरलेल्या दोन किटल्या माझ्या सायकलच्या कॅरेजला दोन्ही बाजूंनी बांधत होती. मी चप्पल घालायला लागले तर म्हणाली, तू थांब, संज्या येईल, त्याला च्या दे. अंगणातूनच सायकल हातात धरून ती निघाली, टांग मारायचा प्रश्नच नव्हता. वळणावरही थांबली नाही. मी बघत होते.

संजय आला, आणि त्याच्या मागोमाग म्हशीचं गिऱ्हाईक पिकअप घेऊन आलं. आई दूध घालायला गेली म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. सायकलवर? पडली तर? मी त्याला काही समजावत बसले नाही, पिकअपवाल्याच्या हातात चहा दिला आणि संजयच्या गाडीत बसले. अर्ध्या वाटेवर ती दिसली. संथ चालत होती, अंगाचा सगळा भार हँडलवर दिलेला. मध्ये थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा चालायची. संजय गाडी सोडून धावत गेला. म्हणाला, आई, गाडीत बस, किटल्या मी घेतो. तिने मानही वळवली नाही, म्हणाली दूध हिंदकळंल. त्याने हँडलला हात घातला.

"सोड," अक्का म्हणाली. "हिला धरूनच मी उभी हाय."

त्याने हात काढला. मग आम्ही तिघं गावापर्यंत चाललो, ती मध्ये. वाटेत माणसं बघत होती, एकदोघांनी विचारलंही, का वो काकी, पंक्चर झाली काय? ती सरळ म्हणायची, न्हाई, चालवाय येत न्हाई. डेअरीत दूध घातलं, किटल्या विसळून घेतल्या आणि परत निघालो.

येताना आंब्याखाली ती टेकली, आणि तिथं तिने स्वतःच संजयला दाजींची गोष्ट सांगितली. काहीही हातचं न राखता सांगितली. संजय ऐकत होता. शेवटी ओरडलाच.

"लपवलं म्हणूनच गेले ना आबा! वेळेवर सांगितलं असतं तर दवाखान्यात नेलं असतं. आणि तूही तेच करणार. फोनवर सगळं बरं आहे म्हणणार, आणि एक दिवस मला तात्यांचा फोन येणार."

ते खरं होतं. मी अक्काच्या बाजूने एवढ्या लांबून सायकल चालवत आले होते, पण त्या वेळी मला वाटलं, हाच बरोबर आहे.

अक्काने त्याला बोलू दिलं. मग त्याचा हात हातात घेतला.

"तुझा आबा लपीवत हुता. मी लपिवनार न्हाई. वळनावर चढनार न्हाई, सगळ्यांच्या देखत अशीच ढकलत जानार. ज्या दिशी हिला ढकलाय यायचं न्हाई, त्या दिशी मी सोता तुला फोन करीन. तवा गाडी घिऊन ये, म्हस इक, मी एक सबुद बोलनार न्हाई. पर तवर न्हाई, लेकरा. आन त्यो फोन मी करीन, ह्यो तुझ्या आबाचा न्हाई, माझा सबुद हाय."

बाजूच्या शेतात हळदीचा पाला वाळत पडला होता, त्याच्याकडे संजय बघत बसला. मग उठला, आणि या वेळी हँडलला हात न लावता तिच्या पलीकडून चालायला लागला. वस्तीवर पिकअपवाला चहा पिऊन कंटाळला होता, म्हशीच्या दाव्याला त्याने हात घातलाच होता. संजयने स्वतः जाऊन त्याला सांगितलं की म्हैस द्यायची नाही. त्याने तोंड वाकडं केलं आणि गाडी वळवून गेला.

मी दुपारच्या एसटीने साताऱ्याला आले. दुसरी सायकल घेतली, आमच्या घरात कुणाचं वर्ष चालू नाही. अजून तिच्यावर माझा हात बसलेला नाही, ब्रेक लागता लागत नाहीत.

सकाळी शाळेला निघताना मी अक्काला फोन लावते. तो वाजत राहतो आणि ती उचलत नाही. त्या वेळी ती रस्त्यावर असते आणि तिचे दोन्ही हात गुंतलेले असतात. मी फोन बंद करून पिशवीत टाकते आणि शाळेची वाट धरते. संजयला मात्र आठवड्यातून एकदा मीच विचारते, आईचा फोन आला का रे? तो म्हणतो, नाही मावशी, अजून नाही.